सनद, निवडणूक आणि डायरेक्टरची खुर्ची: तिन्ही एकदम जमतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सात-आठ वर्षं जिल्हा कोर्टात वकिली झालीय, पक्षाकडून महापालिकेच्या तिकिटाचं जवळपास ठरलंय, पुढेमागे आमदारकीची इच्छा आहे, आणि मेव्हण्याची इंजिनिअरिंग कंपनी आहे तिथे मॅनेजिंग डायरेक्टर (एमडी) म्हणून या असा घरून आग्रह चाललाय. तिन्ही एकदम करता येतं का, आणि येत नसेल तर कशावर पाणी सोडायचं?

मी बरीच वर्षं कंपनी कायद्याचं काम करतोय आणि त्यात राजकारणात असलेले वकील अशील म्हणून कायम येत राहिलेत, त्यामुळे आधी सरळ उत्तर देऊन टाकतो. वकिली आणि नगरसेवकपद किंवा आमदारकी, चालतं. वकिली आणि कंपनीत नुसती डायरेक्टरशिप, चालतं. आमदारकी आणि कंपनीत एमडी, हेही बहुतेक वेळा चालतं पण अटी आहेत. वकिली आणि एमडी मात्र चालत नाही, मग तुम्ही राजकारणात असा नाहीतर नसा. म्हणजे तुमचा खरा तिढा निवडणुकीचा नाहीच, तो सनदीचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा आहे, आणि गंमत म्हणजे लोक नेमका त्याचाच विचार सगळ्यात शेवटी करतात.

बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम ४७ ते ५२ एकदा स्वतः वाचा, दोन पानांचं काम आहे, वकील असून बहुतेकांनी वाचलेले नसतात. नियम ४७ म्हणतो वकिलाने स्वतः धंदा करायचा नाही, फक्त स्लीपिंग पार्टनर, म्हणजे कारभारात भाग न घेणारा भागीदार राहता येईल, तेही तो धंदा वकिलीच्या प्रतिष्ठेला शोभणारा आहे असं राज्याच्या बार कौन्सिलला वाटलं तर. नियम ४८ तुमच्या कामाचा: वकील कंपनीचा डायरेक्टर होऊ शकतो, बोर्डाचा चेअरमनसुद्धा होऊ शकतो, सिटिंग फी (मीटिंगला बसण्याचे पैसे) घेऊ शकतो, पण त्याच्याकडचं कुठलंही काम एक्झिक्युटिव्ह, म्हणजे प्रत्यक्ष कारभार चालवण्याच्या स्वरूपाचं नको, आणि मॅनेजिंग डायरेक्टर किंवा कंपनी सेक्रेटरी तर व्हायचंच नाही, तिथे स्पष्ट मनाई लिहिलीय. ४९ म्हणतो पूर्णवेळ पगारी नोकरी घेतलीत तर बार कौन्सिलला कळवा आणि ती नोकरी आहे तोवर प्रॅक्टिस बंद. ५० वडिलोपार्जित धंद्याबद्दल आहे, वारसाने आला असेल तर हिस्सा ठेवा पण कारभारात स्वतः पडू नका. मेव्हण्याची कंपनी यात बसत नाही, ती तुम्हाला वारसाने आलेली नाही.

आता 'आमदाराला तर सरकारी तिजोरीतून पगार मिळतो, मग नियम ४९ त्याला का लागत नाही?' हे लोक हमखास विचारतात. हाच प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला होता, अश्विनीकुमार उपाध्याय विरुद्ध भारत सरकार, निकाल २५ सप्टेंबर २०१८. कोर्टाने सांगितलं की खासदार-आमदाराला पगार-भत्ते मिळत असले तरी तो कोणाचा नोकर नाही, सरकार आणि त्याच्यात मालक-नोकर असं नातं नाही, त्यामुळे तो 'पूर्णवेळ पगारी नोकर' ठरत नाही आणि बार कौन्सिलने तशी वेगळी बंदी घातलेली नाही, म्हणून प्रॅक्टिस चालू ठेवता येईल. पटो न पटो, आज कायदा हा आहे. मात्र मंत्री झालात की चित्र बदलतं. मंत्र्यांसाठी जी आचारसंहिता आहे, केंद्रात आणि राज्यातही, ती म्हणते की मालकी ठेवा पण धंद्याच्या कारभाराशी असलेला संबंध तोडा आणि पदावर असताना नवा धंदा सुरू करू नका. संहिता म्हणजे कायद्याचं कलम नाही, तिच्यामुळे कोणाची जागा जात नाही, पण पेपरात नाव येण्याइतकी ती पुरेशी आहे.

एक्झिक्युटिव्ह काम म्हणजे नेमकं काय, यावर खरी वादावादी होते. व्हिजिटिंग कार्डवर काय छापलंय त्याला फारसं कोणी विचारत नाही. कागद काय बोलतात ते बघतात. बँकेत सही कोणाची चालते, चेक कोण काढतं, पर्चेस ऑर्डर कोणाच्या सहीने जाते, माणसं नेमायचा-काढायचा अधिकार बोर्डाने ठराव करून कोणाला दिलाय, जीएसटीच्या पोर्टलवर ऑथोराइज्ड सिग्नेटरी कोण आहे. छोट्या घरगुती कंपन्यांमध्ये काय होतं की कागदोपत्री तुम्ही नुसते डायरेक्टर असता आणि प्रत्यक्षात सगळ्या सह्या तुमच्या असतात, कारण घरात 'वकीलसाहेब' तुम्हीच, करार तुम्हीच वाचता, मग सहीही तुम्हीच करून टाकता. उद्या निवडणुकीत हरलेल्या उमेदवाराने अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ खाली वकिलाच्या गैरवर्तनाची तक्रार टाकली की हे सगळे कागद माहितीच्या अधिकारातून नाहीतर कंपनीच्याच नाराज अकाउंटंटकडून बाहेर येतात. माझ्या बघण्यात राजकारणातल्या वकिलांविरुद्धच्या अशा तक्रारी प्रॅक्टिसमधल्या अशिलांकडून फारशा येत नाहीत, त्या वॉर्डातून येतात.

कारखाना असेल तर आणखी एक खाच आहे जी कोणी सांगत नाही. फॅक्टरीच्या कायद्यात 'ऑक्युपायर' म्हणून एक माणूस लागतो आणि कंपनी असेल तर तो डायरेक्टरच असावा लागतो, १९९६ मध्ये जे. के. इंडस्ट्रीजच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हे पक्कं केलं, मॅनेजरला ऑक्युपायर करून डायरेक्टरांनी मोकळं होण्याची वाट बंद झाली. आता कामगार संहिता आल्यात तरी ही कल्पना तशीच आहे. दोनच डायरेक्टर असलेल्या कंपनीत मेव्हणा म्हणेल 'तू वकील आहेस, तूच हो ऑक्युपायर'. होऊ नका. एखादा अपघात झाला की खटल्यात नाव तुमचं, आणि वर सनदीच्या बाजूने बघितलं तर ऑक्युपायर म्हणजे कारखान्याच्या कारभारावर अंतिम ताबा असणारा माणूस, याच्यापेक्षा जास्त एक्झिक्युटिव्ह काय असतं?

चेक बाउन्सचंही तेच. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या १३८ मध्ये कंपनीचा चेक परत आला की १४१ खाली कारभाराला जबाबदार असलेले लोक आरोपी होतात. नीता भल्लाच्या केसमध्ये, २००५, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसता डायरेक्टर आहे म्हणून आपोआप जबाबदार धरता येत नाही, तक्रारीत त्याची भूमिका लिहावी लागते, पण एमडी आणि चेकवर सही करणारा, हे त्यांच्या पदामुळेच अडकतात. साध्या धंदेवाल्यासाठी १३८ म्हणजे रोजची कटकट, सेटलमेंट होते आणि विषय मिटतो. तुमच्यासाठी तसं नाही. महापालिकेला राज्य निवडणूक आयोगाचं शपथपत्र आणि विधानसभेला फॉर्म २६, दोन्हीकडे प्रलंबित फौजदारी केसेस लिहाव्या लागतात, आणि शपथपत्र वाचणाऱ्या मतदाराला किंवा पत्रकाराला '१३८ ची केस आहे, किरकोळ आहे' हे समजावून सांगत बसायला प्रचारात वेळ नसतो. शिवाय १३८ मध्ये कमाल शिक्षा दोन वर्षं आहे आणि लोकप्रतिनिधी कायद्याच्या ८(३) मध्ये अपात्रता दोन वर्षांच्या शिक्षेपासूनच सुरू होते, कोर्ट सहसा तिथवर जात नाही पण गणित डोक्यात ठेवा.

आता महापालिकेच्या बाजूने बघू, कारण तुमचं पहिलं पाऊल तिथे आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १० मध्ये पालिकेच्या कंत्राटात स्वतःचा किंवा पार्टनरचा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध असला तर नगरसेवक अपात्र ठरतो. शेअरहोल्डर म्हणून कंपनीत थोडा हिस्सा असणं वेगळं, पण एमडी म्हणून पगार घेताय, कमिशन घेताय आणि तीच कंपनी पालिकेला पंप नाहीतर पथदिव्यांचे खांब पुरवतेय, तर वाद होणार आणि तो तुम्ही हौसेने ओढवून घेतलेला असणार. इंजिनिअरिंग कंपनी आहे म्हणताय, पालिका किंवा पालिकेचा एखादा मोठा ठेकेदार तिचा ग्राहक आहे का हे मेव्हण्याला आजच विचारा. सब-कॉन्ट्रॅक्ट असेल तर 'आमचा पालिकेशी थेट संबंध नाही' हे वाक्य कामाला येईलच असं नाही, 'अप्रत्यक्ष' हा शब्द कायद्यात उगाच घातलेला नसतो. वकील म्हणूनही पालिका ज्यात पक्षकार आहे अशा मॅटर्स हातात घेऊ नका, पालिकेच्या बाजूने नको आणि विरुद्धही नको. वॉर्डातल्या लोकांची अनधिकृत बांधकामाची नोटीस घेऊन तुमच्याकडे रांग लागेल, त्या केसेस दुसऱ्या वकिलाकडे पाठवायची सवय निवडून यायच्या आधीपासून लावा.

आमदारकीला आणखी दोन कलमं येतात. लोकप्रतिनिधी कायद्याचं ९अ, सरकारला माल पुरवण्याचा किंवा सरकारी काम करण्याचा चालू करार असेल तर अपात्र. आणि कलम १०, ज्या कंपनीत सरकारचं भांडवल २५ टक्के किंवा जास्त आहे तिचा मॅनेजर, सेक्रेटरी वगैरे असाल तर अपात्र. पण या १० मध्ये एक कंस आहे, 'सहकारी संस्था सोडून'. महाराष्ट्राचं अर्धं राजकारण त्या कंसात राहतं असं मी गमतीने म्हणतो, कारण सरकारी भागभांडवल घेतलेल्या सहकारी साखर कारखान्याचा चेअरमन आमदार असू शकतो आणि पिढ्यानपिढ्या असतो. सहकारी बँकांच्या बाबतीत मात्र रिझर्व्ह बँकेने २५ जून २०२१ ला दार लावलं, नागरी सहकारी बँकेचा मॅनेजिंग डायरेक्टर किंवा पूर्णवेळ डायरेक्टर म्हणून खासदार, आमदार, नगरसेवक चालत नाही, आणि दुसऱ्या कंपनीत डायरेक्टर असलेला माणूसही चालत नाही. तेव्हा उद्या कोणी अर्बन बँकेच्या एमडीपदाचं गाजर दाखवलं तर तुमच्यासाठी ते संपलेलं प्रकरण आहे.

लाभाचं पद, म्हणजे सरकारच्या हाताखालचं असं पद की जे घेतलं तर आमदार-खासदार अपात्र ठरतो, हा वेगळाच सापळा. संविधानाच्या १९१(१)(अ) मध्ये आमदारांसाठी, १०२(१)(अ) मध्ये खासदारांसाठी. इथे सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे 'मी मानधन घेतच नाही'. जया बच्चन यांची केस आठवा, २००६, उत्तर प्रदेशच्या चित्रपट विकास परिषदेचं अध्यक्षपद होतं, कोर्ट म्हणालं पैसे घेतले का हा प्रश्नच नाही, त्या पदातून आर्थिक लाभ मिळू शकतो का हा प्रश्न आहे. एखाद्या महामंडळाचं अध्यक्षपद मिळतंय म्हटल्यावर पेढे वाटायच्या आधी ते पद सूट दिलेल्या यादीत आहे का ते बघायचं.

बरं, कायद्याचं पुरे. तुमच्या प्रश्नात एक दुसरी ओळ होती, की जुन्या काळातले मोठे लोक तिन्ही करत होते मग आपल्यालाच का अडवतात. ते लोक तिन्ही करत होते हे खरं, पण कसं करत होते ते नीट बघा.

होमी मोदी घ्या. कायद्याची पदवी, मुंबईत वकिली, मग मुंबई महापालिका, १९२३-२४ ला तिचे अध्यक्ष. म्हणजे सुरुवात अगदी तुमच्यासारखी. नंतर गिरणीमालक संघाचे प्रमुख म्हणून १९३३ चा लीस-मोदी करार, ब्रिटिश कापडाला आयातीत सवलत देणारा, त्यांच्या नावाने ओळखला जातो, ज्याबद्दल राष्ट्रवादी मंडळींनी त्यांना भरपूर बोल लावले. मग टाटांकडे डायरेक्टर, १९४१ ला व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात, आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी राजीनामा, त्याच वेळी आपले यवतमाळचे वकील बापूजी अणे आणि नलिनी रंजन सरकार यांनीही दिला. स्वातंत्र्यानंतर उत्तर प्रदेशचे राज्यपाल. जॉन मथाई मद्रासला वकिली करून अर्थशास्त्राकडे वळले, टाटांकडे आले, १९४४ च्या बॉम्बे प्लॅनवर, म्हणजे उद्योगपतींनी मांडलेल्या आर्थिक आराखड्यावर त्यांचं नाव आहे, मग रेल्वेमंत्री, अर्थमंत्री, १९५० ला नियोजन आयोगाच्या अधिकारांवरून मतभेद होऊन राजीनामा, आणि १९५५ ला स्टेट बँकेचे पहिले चेअरमन. आणि मिनू मसानी तर सगळ्यात रंगीत माणूस, लंडनहून बॅरिस्टर होऊन आले, मुंबई हायकोर्टात उभे राहायला लागले आणि लगेच चळवळीत, नाशिकच्या जेलमध्ये जयप्रकाश नारायण यांच्यासोबत, तिथल्या चर्चेतून १९३४ चा काँग्रेस समाजवादी पक्ष, मग समाजवादावरचा विश्वास उडाला आणि टाटांकडे अधिकारी, १९४३ ला मुंबईचे महापौर, संविधान सभा, ब्राझीलला राजदूत, १९५७ ला रांचीहून लोकसभेत आणि १९५९ ला राजाजींसोबत स्वतंत्र पक्ष.

या तिघांत एक गोष्ट सारखी आहे आणि माझं सगळं म्हणणं तिच्यातच आहे. वकिली त्यांनी मागे सोडली होती. कंपनीत गेल्यावर ते 'कंपनीतले वकीलसाहेब' नव्हते, कंपनीचे माणूस होते. आणि सरकारात जाताना कंपनीची खुर्ची रिकामी करून गेले, मथाई मंत्री असताना टाटांचे पगारी नव्हते. एकामागून एक, एकावर एक नाही. अधूनमधून मोदींसारखं महापालिका आणि धंदा असं शेजारी-शेजारी चाललं असेल, तेव्हाचे नियमही आजच्यासारखे नव्हते, पण प्रत्येक वेळी मुख्य काम एकच होतं आणि ते लोकांना माहीत होतं.

सनद सोडायचीच नसेल तर नानी पालखीवाला हे दुसरं टोक. ते राजकारणात नव्हते, १९७७ ते ७९ अमेरिकेत राजदूत एवढंच, पण टाटा सन्सच्या बोर्डावर, एसीसीचे चेअरमन, आणि संविधानाच्या मूलभूत चौकटीचा १९७३ चा केशवानंद भारती खटलाही त्यांनीच लढवला. नियम ४८ ची चौकट बघा, चेअरमन चालतो, एमडी नाही. त्यांचं मोठेपण वेगळं, पण माणूस बोर्डावर राहूनही वकील राहू शकतो याचं ते चांगलं उदाहरण आहे. आणि राजकारणातून उलट्या बाजूचं उदाहरण हवं असेल तर अरुण जेटली, राज्यसभेत विरोधी पक्षनेते झाले तेव्हा २००९ ला त्यांनी जोरात चाललेली प्रॅक्टिस बंद केली. कायद्याने बंद करावीच लागत होती अशातला भाग नाही, पण दोन्हीकडे मन लावता येत नाही हे त्यांना कळत होतं.

बाहेरच्या देशात काय चालतं असंही विचारलंय. जर्मनीचे फ्रिडरिश मेर्त्स सध्याचं ठळक उदाहरण. कायद्याचं शिक्षण, थोडा काळ न्यायाधीश, १९८९ ला युरोपीय संसद, १९९४ ला बुंडेस्टाग म्हणजे जर्मन संसद, २००२ मध्ये संसदीय गटाचं नेतृत्व मर्केल यांच्याकडे गेलं, मग हळूहळू राजकारणातून बाजूला. २००५ पासून मेयर ब्राउन या लॉ फर्ममध्ये, २०१६ ते २०२० ब्लॅकरॉक या बड्या अमेरिकन गुंतवणूक कंपनीच्या जर्मन शाखा-कंपनीच्या पर्यवेक्षी मंडळाचे अध्यक्ष, परत राजकारणात, पक्षाध्यक्षपदाच्या दोन निवडणुका हरले, तिसरी जिंकली, आणि ६ मे २०२५ ला चॅन्सेलर, तेसुद्धा दुसऱ्या फेरीत, पहिल्या फेरीत ३१६ मतं लागत होती आणि ३१० मिळाली. तिकडे खासदाराला बाहेर काम करायला बंदी नाही, मात्र उत्पन्न जाहीर करावं लागतं. आणि मजा बघा, त्या जाहीर करण्याच्या नियमाविरुद्ध कोर्टात गेलेल्या नऊ खासदारांत मेर्त्स स्वतः होते, जुलै २००७ मध्ये घटनात्मक न्यायालयात चार विरुद्ध चार अशी मतं पडली आणि अर्ज फेटाळला गेला. पुढे पक्षाध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा प्रत्येक मुलाखतीत ब्लॅकरॉक आणि कमाई हाच प्रश्न, २०१८ ला स्वतःला 'वरच्या मध्यमवर्गातला' म्हणाले तर देशभर हसं झालं. कंपनीतली वर्षं कायदेशीर होती, तरी त्यांचा हिशोब राजकारणात द्यावाच लागला.

आपल्याकडे राजकारणातून कंपनीत जाण्याची वाट उलट जास्त मोकळी आहे. सनदी अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर पहिलं वर्षभर खासगी नोकरीसाठी सरकारची परवानगी लागते, माजी मंत्र्याला तशी कायद्याची अट नाही. म्हणून माजी आमदार-खासदार बोर्डांवर दिसतात. तुम्ही कधी त्या वाटेने गेलात तर एक ध्यानात ठेवा, कंपनी तुम्हाला कशासाठी घेतेय ते पहिल्याच भेटीत कळतं. धोरण कसं बनतं, विधेयक समितीत गेल्यावर काय होतं, कुठल्या खात्याचा कुठला नियम कशातून आला, हे ज्ञान विकायला काही हरकत नाही, ते तुमच्या कष्टाचं आहे. पण 'साहेब, सचिवांकडे फाइल अडकलीय, तुमची ओळख आहे ना' हे सुरू झालं की भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ७अ वाचा, २०१८ च्या दुरुस्तीत आलंय, वैयक्तिक वजन वापरून सरकारी माणसाकडून गैरमार्गाने काम करून घ्यायला मोबदला घेतला तर तीन ते सात वर्षं. मोबदल्याला रिटेनर म्हटलं काय आणि सिटिंग फी म्हटलं काय.

लिस्टेड कंपनीत इंडिपेंडंट डायरेक्टर, म्हणजे कंपनीशी हितसंबंध नसलेला डायरेक्टर व्हायचं असेल तर वकिलांसाठी कंपनी कायद्याच्या १४९(६) मध्ये एक खास अट आहे. तुम्ही ज्या लॉ फर्मचे पार्टनर आहात तिचं त्या कंपनीबरोबरचं काम फर्मच्या उलाढालीच्या दहा टक्के किंवा जास्त असेल, मागच्या तीन आर्थिक वर्षांत कधीही, तर तुम्ही इंडिपेंडंट राहत नाही. इंडिपेंडंट डायरेक्टरांच्या डेटाबँकेत नाव नोंदवून ऑनलाइन परीक्षा द्यावी लागते, दहा वर्षं वकिली झालेल्यांना त्यातून सूट आहे, तुमची अजून झालेली नाही. सिटिंग फी एका मीटिंगला जास्तीत जास्त १ लाख. आणि मेव्हण्याच्या कंपनीत तुम्ही इंडिपेंडंट हा प्रश्नच नाही, नातेवाईक ते नातेवाईक.

कायद्याच्या पलीकडची एक गोष्ट, जी मला या सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. कोर्टात तुम्हाला बाजू असते. अशील चुकलेला असला तरी त्याची बाजू मांडणं हे तुमचं काम. वॉर्डात तुम्हाला लोक असतात, त्यांची गैरसोय हीच बाजू. बोर्डावर यातलं काहीच नसतं, कलम १६६ म्हणतं डायरेक्टरने कंपनीच्या हिताने वागायचं, आणि त्यात कामगार, भागधारक, समाज, पर्यावरण सगळंच लिहिलंय. मेव्हण्याने आणलं म्हणून मेव्हण्याची बाजू घ्यायची असं तिथे चालत नाही. वकील नव्याने बोर्डावर आले की मला दोन प्रकार दिसतात. एक, प्रत्येक निर्णयात धोका शोधून काढणारा, कराराच्या सतराव्या कलमावर तासभर बोलणार, ऑर्डर तोवर दुसऱ्याकडे गेलेली. वकिलाला चुकीचा सल्ला दिल्याची भीती असते, धंद्यात सल्ला न दिल्याइतकंच उशीर करणंही महाग पडतं. दुसरा, राजकारणातून आलेला वकील, तो प्रत्येकाला हो म्हणतो. सप्लायरला हो, युनियनला हो, बँकेलाही हो. सभेत आश्वासन दिलं तर पाच वर्षांनी हिशोब होतो, बँकेला दिलेलं आश्वासन पुढच्या तिमाहीतच उघडं पडतं. यातून बाहेर यायचा मार्ग कंटाळवाणा आहे, ताळेबंद वाचायला शिका. कॅश फ्लो स्टेटमेंट आधी, नफा-तोटा नंतर. कुठल्याही चांगल्या सीएकडे काही संध्याकाळी बसा, लाज वाटून घेऊ नका, मोठ्या-मोठ्या सीनियर वकिलांना वर्किंग कॅपिटल म्हणजे काय ते धड सांगता येत नाही.

निवडणुकीच्या काळातली खबरदारी. कंपनीच्या गाड्या, ड्रायव्हर, डिझेल, ऑफिसची पोरं प्रचाराला वापरायची नाहीत. उमेदवाराच्या खर्चात ते धरलं जातं आणि कंपनीच्या बाजूने ती राजकीय देणगी ठरू शकते. कंपनीने पक्षाला देणगी द्यायची तर कलम १८२: कंपनी तीन वर्षांपेक्षा जुनी हवी, बोर्डाच्या मीटिंगमध्ये ठराव हवा, रोख चालत नाही. २०१७ मध्ये मर्यादा काढून टाकली होती, १५ फेब्रुवारी २०२४ च्या इलेक्टोरल बाँडच्या निकालात सुप्रीम कोर्टाने ती दुरुस्ती रद्द केली, त्यामुळे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा परत आली. पक्षाच्या स्मरणिकेत दिलेली जाहिरातसुद्धा देणगीतच मोजली जाते, हे तर कंपन्यांच्या अकाउंटंटनाही माहीत नसतं. तुम्ही बोर्डावर असाल आणि ठराव तुमच्याच पक्षाचा असेल तर चर्चेतून उठून बाहेर जा आणि तसं मिनिट्समध्ये लिहून घ्या.

तर तुमच्याबाबतीत मी काय करेन: एमडीपद आत्ता नको म्हणून सांगेन. नुसती नॉन-एक्झिक्युटिव्ह डायरेक्टरशिप घेईन, बँकेच्या सह्या नाहीत, ऑक्युपायर नाही, जीएसटीची सही नाही, आणि तसा बोर्डाचा ठराव करून त्याची प्रत जपून ठेवेन. कंपनीचं पालिकेशी काही काम चालू असेल तर तेही नको, आधी ते संपू दे. प्रॅक्टिस चालू ठेवेन, कारण राजकारणात तिकीट कापलं गेलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी घर चालवायला वकिलीच असते, आणि ज्याची चूल पक्षावर अवलंबून नाही तो पक्षात थोडा ताठ बोलू शकतो. एमडी व्हायचंच ठरलं, घरची तशी गरज असेल, तर मग अर्धवट करू नका. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला लेखी कळवा, सनदीचं मूळ प्रमाणपत्र जमा करा, वकालतनामे काढून घ्या, ऑफिसच्या पाटीवरचं 'अ‍ॅडव्होकेट' उतरवा, लेटरहेडवरचंही.

आणि एक गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते. कंपनीचे पगारी झालात की तुम्ही कंपनीला दिलेला कायद्याचा सल्ला हा वकील-अशील यांच्यातला गोपनीय संवाद राहत नाही, २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने इन-हाउस, म्हणजे कंपनीच्या पगारी वकिलांबद्दल हे स्पष्ट केलंय की नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चं संरक्षण त्यांना नाही. म्हणजे मेव्हण्याला व्हॉट्सअ‍ॅपवर 'हे असं कर, सापडणार नाही' छापाचं काही लिहायची सवय असेल तर ती एमडी व्हायच्या आधीच मोडा.

शेवटचा उपप्रश्न, सनद सस्पेंड केली तर परत मिळते का. मिळते. नोकरी किंवा पद सुटलं की बार कौन्सिलकडे अर्ज, मधल्या काळात काय करत होतात त्याचं शपथपत्र, राजीनाम्याची आणि तो कंपनी रजिस्ट्रारकडे नोंदल्याची कागदपत्रं जोडा. डायरेक्टर म्हणून राजीनामा दिला पण फॉर्म भरला गेला नाही, पोर्टलवर अजून एमडी दिसताय, यावर बरेच अर्ज अडकतात. कंपनी आळस करत असेल तर तुम्हाला स्वतः डीआयआर-११ हा राजीनाम्याचा फॉर्म भरून रजिस्ट्रारला कळवता येतं, तो भरा आणि फी भरल्याच्या चलनाची प्रत अर्जाला लावा.